जेवणाचं बिल आणि एक पिस्तूल



पेपर उघडला की आतल्या पानावर कुठेतरी ती बातमी असतेच. गाडी बाजूला घे म्हटलं म्हणून, रांगेत धक्का लागला म्हणून, नाहीतर हॉर्न वाजवला म्हणून शब्दाने शब्द वाढला आणि एक माणूस जिवानिशी गेला. मथळ्यात 'क्षुल्लक कारणावरून' हे दोन शब्द ठरलेले. आपण हळहळतो आणि पान उलटतो. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे एक खोड जडली आहे. कारण क्षुल्लक म्हटलं की ते कुठून कुठवर गेलं, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आज अशाच एका जुन्या भांडणाची गोष्ट सांगतो. गोष्ट आपल्याकडची नाही, अमेरिकेतल्या बोस्टनची आहे, आणि साल आहे १८०६.

त्या वर्षी ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्या रिपब्लिकन पक्षाने मोठं जेवण घातलं. (हा जेफरसनचा पक्ष. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याची गल्लत करू नका.) गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली आणि खाणावळवाल्याचं बिल फुगलं. समितीला ते भारी वाटलं. पैसे मिळेनात म्हणून खाणावळवाला कोर्टात गेला. त्याचा वकील होता थॉमस सेल्फ्रिज, आणि तो विरोधी फेडरलिस्ट पक्षाचा. समितीतले एक पुढारी बेंजामिन ऑस्टिन म्हणू लागले, की एका फेडरलिस्ट वकिलाने चिथावल्यामुळेच हा दावा लागला. सेल्फ्रिजच्या ते वर्मी लागलं. वकील स्वतःहून भांडणं लावत फिरतो म्हटल्यावर त्याची अब्रू ती काय राहिली? शब्द मागे घ्या, असं त्याने कळवलं. निरोपांची ये-जा झाली, पण हवी तशी जाहीर माघार काही मिळाली नाही.

४ ऑगस्टच्या सकाळी सेल्फ्रिजने वर्तमानपत्रात नोटीस छापून ऑस्टिनना भित्रा, खोटारडा आणि पाजी ठरवलं. ऑस्टिनचंही उत्तर त्याच दिवशी छापून आलं. दुपारी एकच्या सुमारास सेल्फ्रिज स्टेट स्ट्रीटवर आला. आपल्यावर हल्ला होणार, अशी कुणकुण त्याला लागलेली होती. त्याच्या खिशात पिस्तूल होतं. समोरून आला चार्ल्स, ऑस्टिनचा मुलगा. हार्वर्डमध्ये शिकणारा, जेमतेम अठरा वर्षांचा. त्याच्या हातात जाड काठी होती. काठी डोक्यावर बसली आणि गोळी सुटली. की गोळी आधी सुटली आणि काठी नंतर बसली? यावर साक्षीदारांचं एकमत झालं नाही. एकमत एवढ्यावरच होतं, की भर रस्त्यात, भर दुपारी तो मुलगा मेला.

आता पाहा, मूळ भांडण होतं जेवणाच्या बिलाचं. त्या बिलाशी मुलाचा काडीचा संबंध नव्हता. वडिलांचा अपमान झाला, एवढंच त्याला माहीत होतं.

खटला डिसेंबरात उभा राहिला. आरोप खुनाचा नव्हता, आपण ज्याला सदोष मनुष्यवध म्हणतो तसा होता. न्यायाधीश आयझॅक पार्कर. सरकारतर्फे जेम्स सलिव्हन, जे पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. ज्युरीचा प्रमुख होता पॉल रिव्हिअर. १७७५ मध्ये इंग्रज फौज निघाल्याची वर्दी द्यायला रात्री घोडा फेकत गेला, तोच हा. (अमेरिकेत शिकणाऱ्या नातवंडांना विचारा, ती लगेच सांगतील.) बचाव पक्षाचं म्हणणं असं, की सेल्फ्रिज प्रकृतीने किरकोळ. धडधाकट तरुण अंगावर काठी उगारून आला, तर त्याने करावं काय? ज्युरीने फार वेळ न लावता निकाल दिला, निर्दोष.

मला या निकालावर फारसं काही म्हणायचं नाही. ज्युरीपुढे प्रश्नच तेवढा होता. काठी उगारली गेली त्या क्षणी जिवाची भीती वाटायला वाजवी कारण होतं का, आणि सुटायला दुसरा मार्ग होता का? उत्तर मिळालं आणि खटला संपला. पण मी जेव्हा जेव्हा या घटनेचा विचार करतो, तेव्हा मला एक जिना दिसतो. पहिली पायरी, खात्री न करता बोललेलं एक वाक्य. दुसरी, चूक कळूनही चारचौघांत न घेतलेली माघार. तिसरी, छापलेली शिवी. चौथी, घरातून निघताना खिशात टाकलेलं पिस्तूल. पाचवी, मुलाने हातात घेतलेली काठी. कायद्याने मोजली ती सगळ्यात शेवटची पायरी. त्याआधीच्या प्रत्येक पायरीवरून कोणालाही सुखरूप खाली उतरता आलं असतं.

जुन्या इंग्रजी कायद्याला याची जाणीव होती असं वाटतं. मध्ययुगात तिथे स्वतःचा जीव वाचवताना हातून माणूस मेला, तरी सरळ सुटका नसे. राजाची माफी घ्यावी लागे आणि मालमत्ता जप्त व्हायची. ही जप्ती कायद्यातून कायमची गेली ती १८२८ मध्ये. अठराव्या शतकातला कायदेपंडित ब्लॅकस्टोनही सांगतो, की अचानक मारामारी जुंपली तर आधी जमेल तितकं मागे हटावं, पाठ भिंतीला लागली तरच वार करावा. म्हणजे शिक्षा नाही, पण तू अगदी धुतल्या तांदळासारखाही नाहीस, एक जीव गेलाय, याचं भान ठेव.

अमेरिकेत हे भान हळूहळू उलट दिशेला गेलं. ओहायोच्या न्यायालयाने १८७६ मध्ये आणि इंडियानाच्या न्यायालयाने १८७७ मध्ये म्हटलं, की ज्याची काही चूक नाही त्याने पळून जाण्याचं कारण नाही. १९२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, त्याचा आशय असा, की समोर सुरा उगारलेला असताना माणसाने शांतपणे विचार करावा ही अपेक्षा धरता येत नाही. हे कोणालाही पटेल. पण २००५ मध्ये फ्लोरिडाने कायदाच केला, की सार्वजनिक ठिकाणीसुद्धा मागे हटण्याची गरज नाही. मग २०१८ मध्ये तिथल्या क्लिअरवॉटर गावात एका दुकानासमोर अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावण्यावरून वाद झाला. एकाने दुसऱ्याला ढकलून पाडलं. पडलेल्याने पिस्तूल काढून गोळी घातली. या कायद्याकडे बोट दाखवून पोलीसप्रमुखांनी आधी अटकच केली नाही. पण चित्रफितीत दिसत होतं, की पिस्तूल पाहून समोरचा माणूस मागे सरकत होता. पुढे आरोप ठेवला गेला, आणि २०१९ मध्ये ज्युरीने दोषी ठरवल्यावर वीस वर्षांची शिक्षा झाली. सेल्फ्रिजच्या वेळी चित्रफीत असती, तर? असो.

आता आपल्याकडे येऊ. मेकॉलेच्या आयोगाने आपल्या दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये तयार केला, कायदा १८६० मध्ये झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. मसुद्यासोबतच्या टिपणात मेकॉलेने म्हटलं आहे, की इथल्या लोकांत प्रतिकाराची धमक जागी व्हावी, म्हणून या हक्कावर फार बंधनं घालायची नाहीत. स्वसंरक्षणाची ती कलमं ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३४ ते ४४ झाली. गाभा तोच राहिला. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्याचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही.

हा हक्क कधी संपतो, हे १९६२ च्या एका निकालात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी फार छान स्पष्ट केलं आहे. साताऱ्यात जन्मलेले हे गृहस्थ पुढे सरन्यायाधीश झाले. पंजाबातल्या एका शेतजमिनीच्या वादात बंदुका चालल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की जीव धोक्यात असलेल्या माणसाचं वागणं सोन्याच्या तराजूत तोलायचं नाही, त्याच्या मनाची अवस्था ध्यानात घ्यायची. पण समोरचे पळू लागले, धोका टळला, की हक्कही तिथेच संपला. त्यानंतर झाडलेली गोळी संरक्षणाची नव्हे.

आपल्या कायद्यात मला सगळ्यात आवडणारी ओळ मात्र वेगळीच आहे. अचानक उसळलेल्या भांडणात, मनात आधी काही नसताना, रागाच्या भरात माणूस मेला, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे, की अशा प्रसंगी कुरापत कोणी काढली किंवा पहिला हात कोणी उचलला, हे महत्त्वाचं नाही!

शाळेत मधल्या सुट्टीनंतर माझ्यासमोर रोज एक तरी जोडी उभी असायची. एकाचं वाक्य ठरलेलं, "सर, त्यानं आधी मारलं." दुसऱ्याचंही तेच. दोघंही बहुधा खरं सांगत असायचे, फक्त प्रत्येकजण गोष्टीची सुरुवात आपल्या सोयीच्या ठिकाणापासून करायचा. मोठी माणसंही तेच करतात. फरक एवढाच, की मोठ्यांच्या भांडणात पुष्कळदा दुसरी बाजू सांगायला कोणी उरलेलंच नसतं.

स्वसंरक्षणाचा हक्क हवाच. घरात शिरलेल्या दरोडेखोरापुढे, अंगावर आलेल्या गुंडापुढे, विशेषतः आपल्या लेकीसुनांना, तो हवाच हवा. त्यात कोणी कमी करू नये. माझं म्हणणं निराळं आहे. न्यायालय 'निर्दोष' म्हणतं, तेव्हा ते एका क्षणाबद्दल बोलत असतं. त्याआधीच्या क्षणांचा हिशेब कोर्टात होत नाही. तो आपला आपणच ठेवायचा असतो. शिवाय तो मेल्यानंतर ठेवून उपयोग नाही, गाडीचं दार उघडून खाली उतरण्याआधीच ठेवायला हवा. मागे हटण्यात कमीपणा आहे, हे आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. त्या बोस्टनच्या रस्त्यावर दोघांपैकी एकजण पलीकडच्या बाजूने चालला असता, तर आज त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. आणि तेच चांगलं झालं असतं.

घरातल्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे, बाळांनो, रस्त्यावर 'जाऊ दे' म्हणायला शिका. पटतंय का बघा, आणि पटत नसेल तर तसंही जरूर कळवा.