जाळं एक, गोलरक्षक दोन

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेब कुठे भरकटले? आइस हॉकी, आणि तीही कॅनडाची! पण लेहला असताना गोठलेल्या तळ्यावर जवानांना हा खेळ खेळताना पाहिलं आणि मला त्याचं वेड लागलं. माझी नजर मात्र कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या गोलरक्षकाकडे जायची. अंगावर सगळा जामानिमा, पायाखाली बर्फ, आणि काम काय, तर वाट पाहणं.

वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा नाताळच्या सुमारास सुरू होते. कॅनडाने २००५ ते २००९ अशी सलग पाच सुवर्णपदकं जिंकली. संघात तेव्हा गोलरक्षक दोन असत, जाळ्यासमोर जागा एकच. त्या सुमाराच्या तीन जोड्या शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली जोडी २००६ ची, व्हँकुव्हरमधली. जस्टिन पोगी आणि डेव्हन डुबनिक. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी २००४ मध्ये नवे खेळाडू निवडले, तेव्हा डुबनिक पहिल्या फेरीत गेला होता, पोगी तिसऱ्या. तरीही सहाच्या सहा सामने पोगी खेळला. तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, त्यात रशियाविरुद्धचा ५-० असा अंतिम सामनाही आला. डुबनिक बाकावरच बसला. पुढे काय झालं? एनएचएलमध्ये पोगीच्या वाट्याला फक्त सात सामने आले. डुबनिक पाचशेहून अधिक खेळला.

दुसरी जोडी २००८ ची, चेक प्रजासत्ताकातली. स्टीव्ह मेसन आणि जोनाथन बर्निये. इथे प्रशिक्षकाने दोघांनाही आजमावलं. साखळीत स्वीडनने कॅनडाला हरवलं आणि मग जाळं मेसनकडे आलं. अंतिम सामन्यात पुन्हा स्वीडनच समोर. कॅनडाची २-० आघाडी होती, ती शेवटच्या मिनिटात पुसली गेली. जादा वेळेत ३-२ असा विजय मिळाला आणि मेसन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तिसरी जोडी २०१० ची, सस्कटूनमधली. जेक ॲलन आणि मार्टिन जोन्स. सलग सहावं सुवर्ण घरच्या मैदानावर हवं होतं. अमेरिकेने तीन गोल खाल्लेल्या आपल्या माइक लीला लवकर बाहेर काढून जॅक कॅम्पबेलला उतरवलं. कॅनडाने ॲलनला बदललं ते तिसऱ्या सत्रात, ३-५ असं मागे पडल्यावर. जॉर्डन एबर्लीने अखेरच्या तीन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली. पण जादा वेळेत जॉन कार्लसनचा गोल जोन्सला अडवता आला नाही आणि ६-५ ने सुवर्ण गेलं.

यातली कोणती जोडी उत्तम? पदकं मोजाल तर पहिल्या दोन. पण फौजेत आम्ही राखीव तुकडीची किंमत वेगळ्या मापाने करतो: ती वेळेवर उतरवली का? २०१० मध्ये दोन्ही संघांनी राखीव माणूस वापरला. अमेरिकेच्या माणसाला सावरायला वेळ मिळाला. जोन्सला थेट पेटलेल्या आगीत उतरावं लागलं. त्यात दोष त्याचा नव्हता.

आणखी एक गंमत पाहा. बर्निये २०१२ मध्ये, जोन्स २०१४ मध्ये आणि ॲलन २०१९ मध्ये स्टॅन्ले कप जिंकणाऱ्या संघात होते. तिघेही तिथे दुसऱ्या क्रमांकाचे गोलरक्षक! वाट पाहणं हेही एक कसब आहे, ते त्यांना उपयोगी पडलं असावं.

आता एक कबुली. लेहला एका स्पर्धेसाठी युनिटचा संघ निवडताना माझाही शब्द चालला होता. आमच्या दुसऱ्या गोलरक्षकाला आम्ही एक मिनिटही उतरवलं नाही, अगदी सामना हातात असतानासुद्धा. मी त्याला म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तो "जी साब" म्हणाला. पुढच्या वर्षाआधी माझी बदली झाली. डुबनिकला पुढे त्याचं जाळं मिळालं. आमच्या जवानाला मिळालं का, हे मी कधी विचारलंच नाही.

तुमच्याही कार्यालयात, घरात कुणीतरी असं तयारीत उभं असेल. सामना हातात आहे तोवरच त्याला उतरवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.