टॅपेट थंड्यातच का?

बुलेटचे टॅपेट करायचे म्हटले की जुने मिस्त्री सांगत, "गाडी रात्री लावून जा, सकाळी बघू." गिऱ्हाइकाला वाटे, चालढकल चाललीय! पण ही अट मिस्त्रींची नव्हती, ती गाडीबरोबर विलायतेहून आली होती.

रेडिचच्या रॉयल एनफिल्डची ३५० सीसी बुलेट आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिचा कारखाना निघाला. पुढे १९७० च्या सुमारास मूळची इंग्लिश कंपनी बंद पडली, तरी मद्रासचं इंजिन पुढची कित्येक दशकं जवळजवळ तेच राहिलं. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, त्यावरचं हेड अॅल्युमिनियमचं, आणि खालच्या कॅमकडून व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणारे दोन पुशरॉड, तेही अॅल्युमिनियमचे.

गोची इथेच आहे. तापल्यावर लोखंड कमी वाढतं, अॅल्युमिनियम जास्त, आणि चालत्या इंजिनात प्रत्येक भागाचं तापमानही वेगळं. बंद करून झाकण उघडेपर्यंत ते बदलतच असतं. म्हणजे ‘गरम इंजिन’ असं एक ठरलेलं मापच नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी मात्र आतून-बाहेरून एकाच तापमानाला असते, मग ती पठाणकोटला असो की पुण्याला.

बुलेटला फीलर गेजही लागत नसे. पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स, एवढंच माप. हात काळे असलेल्या माणसाला ते एका क्षणात कळतं, नवख्याला अर्धा तास लागतो.

यात चूक महागात पडते, विशेषतः एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला. त्याची बरीचशी उष्णता बंद असताना सीटवर टेकूनच बाहेर जाते. टॅपेट घट्ट राहिला तर तो पुरता टेकत नाही, त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं. "आवाज अजिबात नको" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांनी असे किती व्हॉल्व्ह जाळून घेतले असतील! थोडी टिकटिक परवडते, माझं तर हेच मत आहे.

२००८ पासून नवं इंजिन येऊ लागलं. त्यातले हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबावर स्वतःच फट भरून काढत, त्यामुळे चिमटीचं काम संपलं. गंमत म्हणजे २०२० मध्ये कंपनीने आणखी एक इंजिन आणलं, ते २०२३ मध्ये बुलेटलाही बसलं. त्यात कॅम वर गेला, पुशरॉड गेले, आणि फट हाताने लावणं परत आलं, आता फीलर गेजने. तेही थंड्यातच. तेव्हा टॅपेटचं काम असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच सोडून आलेलं बरं.