टॅप घ्यायच्या आधी

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "टॅप द्या" म्हटलं की काउंटरवरून प्रश्न येतो, "सुतात की एमएममध्ये?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुताचा बोल्ट म्हणजे ३/८ इंची, चार सुताचा म्हणजे अर्धा इंची. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे दोनशे वर्षांची भांडणं आहेत. ती ठाऊक असली की हत्यार निवडणं बरंच सोपं जातं.

ज्यांचा वर्कशॉपशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भोकाच्या आत आटे पाडतो तो टॅप, दांड्यावर बाहेरून पाडते ती डाय. टॅप ज्यात धरून फिरवायचा ते टॅप हँडल. बास, एवढ्यावर पुढचं सगळं कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टॅप म्हणजे बहुधा आटे पाडलेला पोलादी दांडा, कानशीने दोन-चार बाजूंनी चपटा केलेला. तो धातू कापायचा कमी आणि रेटायचा जास्त. हे बदललं त्यात मोठा वाटा जोसेफ क्लेमेंटचा. हा हातमागावर विणणाऱ्याचा मुलगा, जन्म १७७९चा. लंडनला येऊन हेन्री मॉड्सलेसारख्या उस्तादाकडे काम केलं आणि मग स्वतःचा कारखाना काढला. १८२८च्या सुमारास तो लांबीभर खाचा असलेले टॅप बनवू लागला. खाचेमुळे दोन गोष्टी साधतात: कापायला धार मिळते आणि कापलेल्या चुऱ्याला जायला जागा मिळते. दुसरी युक्ती तर मला फारच आवडते. त्याने टॅपचं चौकोनी डोकं आट्यांपेक्षा बारीक ठेवलं, म्हणजे काम झाल्यावर टॅप भोकातून सरळ खाली पडतो, उलटा फिरवत बाहेर काढावा लागत नाही. शिवाय अमुक जाडीच्या स्क्रूला इंचात अमुकच आटे, असा नियम त्याने आपल्या कारखान्यापुरता ठरवला.

आता आमच्या धंद्याशी नातं. चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग बनवत होता तो हाच क्लेमेंट! पुढे १८३३ साली पैशांवरून दोघांचं फाटलं, काम थांबलं, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्या कामासाठी बनवलेली खास हत्यारं क्लेमेंटकडेच राहिली. ब्रिटिश सरकारचे १७ हजारांवर पौंड गेले आणि मशीन अर्धवटच राहिलं. (प्रोजेक्ट मॅनेजरांनी मनात काय म्हणायचं ते म्हणावं.) पण पैसे अगदीच वाया गेले असं मला वाटत नाही, कारण त्या कारखान्यात काही काळ जोसेफ व्हिटवर्थ नावाचा कारागीर कामाला होता.

तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर चढेल याची काही खात्री नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि चक्क सरासरी काढली. १८४१ साली त्याने ती पद्धत लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, पाव इंचाला २० आटे, अर्ध्या इंचाला १२. ५५ हा आकडा कुठल्याही सिद्धांतातून आलेला नाही, तो लोक जे करतच होते त्याचा मध्य आहे. माझ्या मते म्हणूनच तो चालला. कुणाला फार बदलावं लागलं नाही.

अमेरिकेत विल्यम सेलर्सला हे पटलं नाही. ५५ अंश मोजायला अवघड, गोलसर माथे बनवायला त्याहून अवघड. १८६४ साली फिलाडेल्फियात त्याने ६० अंश आणि सपाट माथा सुचवला. गंमत म्हणजे पाव इंचाला त्यानेही २०च आटे ठेवले, ३/८ला व्हिटवर्थसारखे १६. अर्ध्या इंचाला मात्र १३! या एका आट्याने किती लोकांना छळलं असेल कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय तिला स्वतःच बनवावे लागले. अखेर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एकत्र बसून ६० अंशांवर सही केली. युरोपातल्या मेट्रिकवाल्यांचं १८९८ सालीच झ्युरिकला ६० ठरलं होतं.

आपल्याकडे रेल्वे आणि गिरण्यांबरोबर व्हिटवर्थच आला. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, पण सूत काही गेलं नाही. म्हणून टॅप घेण्याआधी जुना बोल्ट खिशात टाकून न्यावा, आणि जमलं तर आटे मोजायचा पिच गेज. तीन सूत म्हणजे ९.५ मिमी आणि एम१० दिसायला जवळजवळ सारखे. एम१०चा नट तीन सुताच्या बोल्टवर मजेत फिरतो. जोर लावला की आटे खरडून निघतात, आणि तेव्हा त्याला काय लटकवलेलं असेल याचा विचार करा.. भोकाचं गणित सोपं आहे, व्यासातून दोन आट्यांतलं अंतर वजा करायचं. एम१०ला ८.५ मिमी, तीन सुताला ८च्या जवळ.

टॅप हायस्पीड स्टीलचा घ्यावा आणि तीनचा सेट घ्यावा. अशा सेटमध्ये बहुतेक वेळा पहिल्याच्या शँकवर एक गोल रेघ असते, दुसऱ्याच्या दोन, शेवटच्यावर काहीच नाही. शून्यापासून मोजणाऱ्यांनी इथे जपून.

हँडल मात्र लोक डोळे झाकून घेतात. मोठं घेतलं की सगळ्याला चालेल, असा समज. एम४चा टॅप फूटभर लांब हँडलमध्ये धरला तर तो कधी तुटला हे हातालाही कळत नाही, आणि भोकात तुटलेला टॅप काढणं म्हणजे नवं काम. एम६पर्यंत छोटं टी-हँडल, त्यावर दोन हातांचं. दोन्ही दांडे सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर टॅप एका अंगाला कलतो. दुकानातच टॅप घालून जबडे आवळून पाहावेत. चौकोनाच्या चारही बाजू पकडत असतील आणि हलवल्यावर खडखड येत नसेल तर घ्यावं. मग तेल घालायचं, अर्धा-पाऊण फेरा पुढे, थोडं मागे. मागे फिरवताना चुरा तुटल्याचा बारीकसा कट् हाताला जाणवतो. तो जाणवत नसेल तर हँडल त्या टॅपला मोठं आहे.