एल्गन पर्वतावरील झाडे आणि माणसे

युगांडा व केनिया यांच्या सरहद्दीवर एल्गन नावाचा एक विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या वरच्या गवताळ पठारांवर गुरे राखणारे बेनेट लोक आणि खालच्या उतारांवर केळी व कॉफी पिकवणारे बागिसू पिढ्यानपिढ्या राहत आले. १९३०च्या दशकात इंग्रज सरकारने हे रान राखीव केले. पण रान राखीव झाले म्हणून त्यातला माणूस काही कागदाबरोबर उठून जात नाही.

१९८३ साली युगांडा सरकारने बेनेटांना खाली आणून वसवण्यासाठी ६,००० हेक्टर जमीन देऊ केली. ती राखीव वनातून कायद्याने वगळली मात्र नाही, आणि मोजणीही धड केली नाही. १९९३ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, नवी मोजणी झाली, आणि लोक सुमारे १,५०० हेक्टर पुढे सरकल्याचा निष्कर्ष निघाला. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या दोन मोजण्यांच्या फरकात आहे, असे मला वाटते.

आता हॉलंडकडे वळू. १९९० साली तेथील वीज-उत्पादकांनी ‘फेस’ ही संस्था काढली. तिचा हिशेब सोपा होता. कोळसा जाळल्याने हवेत जाणारा कर्बवायू झाडे शोषून घेतात. मग जमीन व मजुरी जेथे स्वस्त, तेथे झाडे लावावीत! १९९४ साली युगांडाच्या उद्यान खात्याशी करार झाला. उद्यानाच्या २११ किलोमीटर हद्दीच्या आतल्या बाजूने दोन-तीन किलोमीटर रुंदीचा पट्टा लावायचा. उद्दिष्ट २५,००० हेक्टर. पैसा डचांचा, जमीन युगांडाची. शोषलेल्या कर्बवायूवर हक्क फेसचा, आणि झाडे ९९ वर्षे उभी राखण्याची हमी उद्यान खात्याची. शेजारच्या शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती लागवडीची मजुरी, तीही लागवड चालू असेतो.

नेमका हाच पट्टा वादातला होता! २००२ साली उद्यानाच्या हद्दीतून पुन्हा कुटुंबे हुसकली गेली. फेसचे म्हणणे असे की, हद्द सरकारने आखली, आम्ही तिच्या आत झाडे लावतो. माणसे हलवण्याशी आमचा संबंध नाही. कायद्याने हे खरेही असेल. पण ९९ वर्षांची हमी घेणाऱ्याने त्या जमिनीवर काल कोण राहत होते, हे विचारू नये काय?

बेनेट न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने उभय पक्षांच्या संमतीने निकाल दिला: बेनेट हे त्या भागाचे जुने, मूळ रहिवासी असून तेथे राहण्याचा व शेती करण्याचा त्यांना हक्क आहे. निकालानंतर काही गावकऱ्यांनी पट्ट्यातली हजारो झाडे तोडून मका पेरला. हॉलंडच्या खात्यात जमा धरलेला कर्बवायू असा कुऱ्हाडीखाली गेला. मात्र ज्यांनी झाडे तोडली ते सगळेच निकालाने हक्क मिळालेले नव्हते; बागिसूंचा तंटा निराळाच होता, आणि वर्तमानपत्री वृत्तांतांत हा भेद बहुधा पुसला जातो.

निकालाची अंमलबजावणी रेंगाळली. फेब्रुवारी २००८ मध्ये बेनेटांना पुन्हा हुसकण्यात आले, आणि २०२१ सालीही त्यांतली कित्येक कुटुंबे तात्पुरत्या झोपड्यांत राहत होती.