अज्ञात स्थळाहून आलेले स्त्रीस्वर

देवळाच्या सभामंडपात कृष्णजन्माचे आख्यान लागले म्हणजे कीर्तनकार कंसाच्या रथापाशी हमखास थांबतात. नववधू देवकीला सासरी पोचविण्यासाठी भाऊ स्वतः रथ हाकतो आहे आणि इतक्यात आकाशवाणी होते. बोलणारा कोणाला दिसत नाही. त्याला पकडता येत नाही, त्याचे तोंड दाबता येत नाही. मग कंस काय करतो? ज्यांना पकडता येते त्यांना तो बंदिशाळेत टाकतो. स्वतंत्र भारताने आपल्या नभोवाणीला आकाशवाणी हे नाव दिले, तेव्हा या कथेचे स्मरण कितीजणांना झाले असेल कोण जाणे! आम्हांला मात्र या नावाबरोबर दोन स्त्रियांची आठवण येते. त्या दोघीही अदृश्य राहून बोलल्या आणि दोघींच्याही बोलण्याने राज्यकर्त्यांची झोप उडाली. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत कसे आले, व त्यांतले काय उरले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिली हकीकत मुंबईची. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे राष्ट्रसभेचे सर्व पुढारी गजाआड गेले आणि वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. देशात काय चालले आहे हे देशालाच कळेनासे झाले. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता या विद्यार्थिनीने शिक्षण बाजूला ठेवले आणि काही मित्रांच्या साहाय्याने गुप्त नभोवाणी केंद्र उभे केले. उषाबेन सुरत जिल्ह्यातल्या सरस गावच्या. आठव्या वर्षी सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत घोषणा देणारी ही मुलगी. वडील इंग्रजी अमदानीत न्यायाधीश. घरातल्या अन्नाचे आणि मनातल्या निष्ठेचे असे वाकडे असले म्हणजे मनुष्याची परीक्षा लवकर होते.

27 ऑगस्ट 1942 रोजी 42.34 मीटर लांबीच्या लहरीवर काँग्रेस रेडिओ प्रथम बोलू लागला. आपण हिंदुस्थानातील कोणत्याशा ठिकाणाहून बोलत आहोत, एवढाच पत्ता निवेदनात असे. आणि ते पहिले निवेदन उषाबेनच्या आवाजात होते. हे ‘कोणतेसे ठिकाण’ म्हणजे मुंबईतलीच भाड्याची घरे. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून चौपाटीपासून गिरगावापर्यंत यंत्रासह बिऱ्हाड हलवीत राहावे लागे. प्रक्षेपण हिंदुस्थानी व इंग्रजी भाषांत होई. डॉ. राममनोहर लोहिया यांच्यासारखे भूमिगत नेते या केंद्रासाठी भाषणे देत. जी बातमी छापण्याची वर्तमानपत्रांना छाती नव्हती ती येथे सांगितली जाई. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार या वार्ता या केंद्राने लोकांपर्यंत पोचविल्या. चिमूर येथे गोऱ्या शिपायांनी स्त्रियांची अब्रू घेतली होती. त्या काळी अशा गोष्टी चारचौघांत उच्चारणे हीच बेअब्रू मानीत. पीडितेने गप्प बसावे आणि शेजाऱ्यांनीही गप्प बसावे, अशी रीत होती. एका तरुण मुलीने चालविलेल्या केंद्रावरून ती रीत मोडली गेली, हे स्त्रीचळवळीच्या इतिहासात नोंदून ठेवण्याजोगे आहे.

12 नोव्हेंबर 1942 च्या रात्री गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांनी छापा घातला. केंद्राशी संबंध असलेल्या एका तंत्रज्ञाकडूनच त्यांना माग लागला होता. पुढे कित्येक महिने चौकशी चालली. सहकाऱ्यांविरुद्ध बोललीस तर परदेशी शिक्षणास पाठवू, असे आमिषही उषाबेनला दाखविले गेले. ज्या मुलीने सबंध देशाला ऐकू जाईल असे बोलून दाखविले होते, ती पोलिसांपुढे आणि न्यायालयात एक अक्षर बोलली नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून ती 1946 साली सुटली. उरलेले आयुष्य तिने विद्यादानात आणि गांधीविचाराच्या अभ्यासात घालविले. 1998 साली पद्मविभूषण हा सन्मान तिला मिळाला व 11 ऑगस्ट 2000 रोजी तिचे देहावसान झाले.

आता मौज पाहा. हे केंद्र तीन महिनेही चालले नाही, तरी त्यावर काय बोलले गेले हे आज आपण वाचू शकतो. ही कृपा कोणाची? पोलिसांची! खटला उभा करावयाचा तर पुरावा हवा. म्हणून सरकारी माणसे रोज कान देऊन ऐकत आणि ऐकलेले शब्द लिहून काढीत. गुन्हा शाबीत करण्यासाठी लिहिलेले ते कागद दप्तरात पडून राहिले आणि गुन्हेगारांचे राज्य आल्यावर तेच इतिहासाचे साधन झाले. 2021 साली उषा ठक्कर या विदुषींनी काँग्रेस रेडिओवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो या कागदांच्या आधाराने. कंसाने ठेवलेल्या पहारेकऱ्यांनीच कृष्णकथा लिहून ठेवावी, तसा हा प्रकार झाला.

दुसरी हकीकत आमच्या गोमंतकाची. या दोन हकीकतींमधला दुवा वाचकांच्या लक्षात आलाच असेल. काँग्रेस रेडिओसाठी ज्यांनी भाषणे दिली तेच डॉ. लोहिया 18 जून 1946 रोजी मडगावच्या मैदानात उभे राहिले आणि पोर्तुगीज राजवटीत सभास्वातंत्र्याची पहिली मोठी ललकारी उठली. त्या राजवटीत लग्नपत्रिका छापावयाची तरी मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, ही गोष्ट वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलेली आहे. त्या चळवळीत स्त्रिया प्रथमपासून होत्या. एप्रिल 1955 मध्ये म्हापशास सत्याग्रहींच्या अग्रभागी उभ्या राहून तुरुंगात गेलेल्या सुधाताई जोशी या भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, हे येथील घराघरांत ठाऊक आहे.

त्याच 1955 सालच्या ऑगस्टमध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि सीमा बंद झाली. आतल्या माणसाला बाहेरचे काही कळेना. तेव्हा 25 नोव्हेंबर 1955 रोजी सह्याद्रीच्या रानातून एक आवाज निघाला. वामन सरदेसाई, निकोलाव मिनेझिस व लिबिया लोबो या तिघांनी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. आरंभी आंबोलीच्या जंगलात आणि नंतर कॅसलरॉकच्या परिसरात हे केंद्र होते. यंत्र मालमोटारीवर बसविलेले. लिबियाबाईंचा जन्म 1924 चा. मुंबईत वाढलेली, कायद्याचे शिक्षण घेतलेली ही स्त्री वयाच्या एकतिसाव्या वर्षी शहर सोडून रानात जाऊन राहिली. भोवती श्वापदे, सर्पाचे भय, बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. बातम्या मिळवावयाच्या, त्या पारखावयाच्या, दोन भाषांत लिहावयाच्या आणि बोलावयाच्या, हा क्रम सहा वर्षे चालला. गोव्याविषयी संसदेत पंडित नेहरू काय म्हणाले, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत काय घडते आहे, हे या केंद्रावरून गोमंतकीयांना कळे. पणजीला 1946 पासून सरकारी नभोवाणी होती. पण तिचा सूर राज्यकर्त्यांचा. त्या सुराला उत्तर देणारा स्वर रानातून येई.

डिसेंबर 1961 मध्ये सैन्य सीमेवर येऊन ठेपले, तेव्हा गव्हर्नर-जनरल वासालो ई सिल्वा यांनी शस्त्रे खाली ठेवावी असा भारत सरकारचा संदेश याच केंद्रावरून देण्यात आला. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि लिबियाबाई व वामनराव वायुदलाच्या विमानात बसून गोव्यावरून फिरले. खाली पत्रके टाकीत, ध्वनिक्षेपकावरून कोंकणी व पोर्तुगीज भाषांत त्यांनी साडेचारशे वर्षांच्या पारतंत्र्याचा शेवट पुकारला. ती आकाशवाणी अक्षरशः आकाशातून झाली! 1964 साली या दोघांचा विवाह झाला. लिबियाबाई गोवा, दमण व दीवच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. पद्मश्री हा सन्मान मात्र त्यांच्याकडे 2025 साली, वयाची शंभरी उलटल्यावर आला.

येथे एक शंका निघेल. या दोघी राष्ट्रासाठी बोलल्या; स्त्रियांच्या हक्कांसाठी नव्हे. मग हा स्त्रीचळवळीचा इतिहास कसा? शंका वाजवी आहे. परंतु स्त्रीने कोणत्या विषयावर बोलावे, याची मर्यादा ज्या समाजाने आखलेली होती त्या समाजात युद्ध, संप, राजकारण आणि अत्याचार यांवर स्त्रीचा आवाज लोकांनी कान टवकारून ऐकला, त्यावर विश्वास ठेवला, हीच चळवळ नव्हे काय? आमच्या गावांत पौष महिन्यात मांडावर धालो रंगतात, तेव्हा बायका मोकळ्या कंठाने गातात. पण मांड उठला की गावकारभाराच्या बैठकीत त्यांचा शब्द कोणी विचारीत नसे. नभोवाणीवर मुखडा दिसत नाही, कूळ दिसत नाही. केवळ शब्द आणि त्याचे वजन कळते. या आडोशाने या स्त्रियांना जे बोलता आले ते भर सभेतही बोलण्याचा अधिकार पुढच्या पिढीच्या मुलींना त्यामुळे अधिक सहज वाटला, असे आम्हांला वाटते. स्वातंत्र्यानंतर मुंबई आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ ऐकणाऱ्या गृहिणींना या पूर्वकथेची आठवण कोणी करून दिली असती तर बरे झाले असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. उषाबेनचे शब्द शत्रूच्या दप्तराने राखले. परंतु टिपणाऱ्याचे लक्ष गुन्ह्याकडे होते. आवाजातला कंप, थकवा, दारावर टकटक झाली असता घेतलेला श्वास त्याच्या कागदावर येणार कसा? ते उषाबेनने पुढे मुलाखतींतून सांगितले म्हणून कळले. लिबियाबाईंच्या बाबतीत रान, श्वापदे आणि एकांत यांची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः त्यांनी उत्तरायुष्यात वारंवार सांगितली म्हणून. कागदाने शब्द जपले, स्मृतीने प्राण जपला. दोहोंची सांगड पडली तरच इतिहास उभा राहतो. आपल्या परंपरेने वेदांना श्रुती म्हटले, कारण ते ऐकून जपले गेले. पण तेथे ऐकणारा शिष्य समोर बसलेला होता. येथे शिष्य कोण?

आमच्या मते तो आपण व्हावयास हवे. सत्याग्रहींना रात्री भाकरी करून घालणाऱ्या, देवळाच्या कोठीत पत्रके लपविणाऱ्या, नवरा आग्वादच्या तुरुंगात असता घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचे शब्द कोणत्याही पोलिसाने लिहून घेतले नाहीत. मुक्तिसंग्रामाच्या वेळी ज्या वीस वर्षांच्या होत्या त्यांनी आज ऐंशी ओलांडली आहे. पूर्वी ध्वनिमुद्रण हे मोठ्या केंद्राचे काम होते. आज ते प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रावर होते. जत्रेला, सप्ताहाला माहेरवाशिणी गावात येतात. त्या वेळी देवस्थानाच्या तरुण मंडळींनी आजींपाशी तासभर बसावे. नाव, गाव आणि साल आधी बोलून घ्यावे. मग प्रश्न थोडे विचारावे आणि ऐकावे पुष्कळ. कोंकणीत बोलल्या तर कोंकणीत, मराठीत बोलल्या तर मराठीत, जसे बोलल्या तसेच ठेवावे. आपल्या सोयीने सुधारू नये. एक प्रत देवस्थानाच्या दप्तरी आणि एक जवळच्या ग्रंथालयात द्यावी.

देवाच्या दागिन्यांची यादी आपले महाजन दरवर्षी पडताळून पाहतात. या आवाजांची यादीही त्याच वहीत असावी, एवढेच आमचे मागणे आहे.