हृदयाचे स्पंदन आणि चित्ताचा निरोध : मद्रासच्या योगाचार्यांचे एक परीक्षण

योग आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र यांच्या संबंधाची चर्चा बहुधा तात्त्विक पातळीवर होते. युंगने १९३२ साली झुरिच येथे कुंडलिनीयोगावर दिलेली व्याख्याने आणि त्याचा १९३७-३८ मधील भारतप्रवास यांचे दाखले अशा वेळी दिले जातात. परंतु या संबंधाला प्रयोगशाळेतून जाणारा आणखी एक इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा मद्रासशी, म्हणजे आजच्या चेन्नईशी, निगडित आहे.

या इतिहासाची पूर्वपीठिका महाराष्ट्रात आढळते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून यौगिक क्रियांची शारीरशास्त्रीय मोजमापे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहनन यांनी त्यांच्याकडे योगाभ्यास केला. बेहनन यांचा योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनाचा ग्रंथ १९३७ साली प्रकाशित झाला. प्राणायामानंतर बौद्धिक चाचण्यांतील गती लगेच वाढत नाही, उलट मंदावते, असे त्यांना स्वतःवरील प्रयोगांत आढळले. ‘कार्यक्षमता’ हा निकष योगाला सरळ लागू पडत नाही, याची ही पहिली सूचना होती.

तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८-१९८९) १९५२ साली मद्रासला आले. त्यापूर्वी म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले होते. फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस यांनी १९३५ साली भारतात घेतलेल्या एका आलेखात हृदयाची विद्युत्‌क्रिया आणि नाडी काही सेकंद जवळजवळ शून्यावर आलेली दिसत होती. तो आलेख कृष्णमाचार्यांचा होता, असे मानले जाते. ‘योगी हृदय थांबवतो’ या समजुतीला त्यामुळे यंत्राची साक्ष मिळाली.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एम. ए. वेंगर, मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे अभ्यासक बी. के. बागची आणि दिल्लीचे शरीरक्रियावैज्ञानिक बी. के. आनंद यांनी या साक्षीची फेरतपासणी केली. बागची पूर्वायुष्यात धीरानंद या नावाचे संन्यासी होते, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांचा अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या चार साधकांपैकी एक कृष्णमाचार्य होते. त्यांनी त्या वेळी सत्तरीच्या आसपासचे वय गाठले होते. श्वास रोधून छाती व पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. मग नाडी हाताला लागत नाही आणि हृदयध्वनीही क्षीण होतात. मात्र हृदयाचे आकुंचन सुरूच राहते. ब्रॉस यांचा आलेख एकाच जोडणीवरून घेतलेला असल्याने तो फसवा ठरला होता.

या निष्कर्षाने योगाचे खंडन झाले, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. हृदय थांबविणे हे पतंजलीच्या योगाचे साध्य कधीच नव्हते. त्यात प्राणायाम हे आठ अंगांपैकी एक अंग आहे, आणि सिद्धींना तर समाधीच्या वाटेवरील अडथळे मानले आहे. खंडन झाले ते चमत्काराचे. चित्तवृत्तींच्या निरोधाचा प्रश्न त्या परीक्षणात विचारलाच गेला नव्हता.

तो प्रश्न विचारण्याचा प्रयत्न लगोलग झाला. समाधीत असलेल्या योग्यांवर बाह्य उद्दीपनांचा परिणाम होत नाही आणि त्यांच्या मेंदूतील अल्फा लहरी अखंड राहतात, असे आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच नोंदविले. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांना १९६६ साली झेन साधकांत याच्या उलट दिसले : पुनःपुन्हा होणाऱ्या आवाजाला ते प्रत्येक वेळी जणू नव्यानेच प्रतिसाद देत. योगातील प्रत्याहार आणि बौद्धांची जागरूक स्मृती यांतील शास्त्रोक्त भेद जणू यंत्रावर उमटला, असे अनेकांना वाटले. १९८१ साली बेकर व शपिरो यांनी हाच प्रयोग झेन, योग आणि भावातीत ध्यान यांच्या साधकांवर केला, तेव्हा मात्र तसा भेद आढळला नाही.

पुढे या संबंधाचे स्वरूप पालटले. १९७६ साली टी. के. व्ही. देशिकाचार यांनी मद्रासला ‘कृष्णमाचार्य योग मंदिरम्’ स्थापन केले. प्रत्येक व्यक्तीचे वय, प्रकृती आणि व्याधी पाहून साधना बेतणे ही त्याची रीत होती. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये बौद्ध ध्यान व हठयोगाची आसने एकत्र करून तणावनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला. परीक्षेचा विषय असलेला योग आता उपचार झाला होता. यात लाभ निश्चित आहे. मात्र दुःखाच्या मुळाचा उच्छेद हे बौद्धांचे आणि कैवल्य हे योगाचे उद्दिष्ट उपचाराच्या भाषेत मावत नाही. कृष्णमाचार्यांवरील परीक्षणाने जो प्रश्न मोकळा सोडला तो येथे पुन्हा समोर येतो : यंत्र मोजते ते साधन, की साध्य? दोन्ही शास्त्रांच्या संवादात हा भेद डोळ्यांआड झाला, तर बेहनन यांनी ओळखलेली निकषाची अडचण उपचारातही तशीच उरेल.