के-टूवर गेलेल्या ऑक्सिजनची गोष्ट

३१ जुलै १९५४. जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर के-टू (८,६११ मीटर) पहिल्यांदा सर झालं. माथ्यावर पोचले दोन इटालियन, कोम्पान्योनी आणि लाचेडेली. त्यांच्यासाठी ऑक्सिजनच्या नळकांड्या वर नेल्या वाल्टर बोनाटी आणि आमीर मेहदी यांनी. बोनाटी पुढे जगप्रसिद्ध झाले. मेहदींचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

हुंझा खोऱ्यातल्या हसनाबादचा हा माणूस. मोहिमेच्या कागदावर हमाल. पण आदल्याच वर्षी नंगा पर्बतच्या मोहिमेत त्यांचा दम सगळ्यांनी पाहिला होता. "तुलाही माथ्यावर जायला मिळेल" अशी आशा दाखवून बोनाटींनी त्यांना सोबत घेतलं.

३० जुलैच्या संध्याकाळी दोघं वर पोचले, तर ठरलेल्या जागी तंबूच नाही! कोम्पान्योनींनी तो आणखी वर, अवघड जागी लावला होता. अंधार पडला. हाका मारल्या. वरून उजेड दिसला, उत्तर आलं: नळकांडी तिथेच ठेवा आणि खाली जा. अंधारात उतरणं म्हणजे मरणच. बर्फात बसण्यापुरती जागा खोदून दोघांनी सुमारे ८,१०० मीटरवर रात्र काढली. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. मेहदींच्या पायात तर त्या उंचीचे बूटही नव्हते, साधे लष्करी बूट होते.

त्यांच्या पायाची सगळी बोटं कापावी लागली.

१९६४ मध्ये एका इटालियन पत्रकाराने उलट बोनाटींवरच ऑक्सिजन वापरल्याचा आणि मेहदींना सोडून दिल्याचा आरोप छापला. मास्क तर वरच्या तंबूत होते, वापरणार कसा? बोनाटी कोर्टात जिंकले. इटलीच्या गिर्यारोहण संस्थेला त्यांची बाजू मान्य करायला मात्र अर्धं शतक लागलं.

मेहदी कुठल्या कोर्टात जाणार होते?

मीही बातम्याच लिहितो. पुलाच्या उद्घाटनात फीत कापणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत, आणि त्याच पुलाच्या कामावर जायबंदी झालेला माणूस 'एक मजूर'. असं मी स्वतः लिहिलंय. नाव विचारायला एक फोन पुरला असता.

मेहदी पुन्हा कधी डोंगरावर गेले नाहीत. बर्फाची कुऱ्हाड त्यांनी नजरेआड ठेवून दिली. १९७७ मध्ये के-टूवर पहिला पाकिस्तानी माणूस पोचला, अश्रफ अमान, हुंझाचाच. तेव्हा मेहदी हयात होते. १९९९ च्या डिसेंबरात ते गेले.